बासुंदीचा सातपट धोका

सर, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची खुर्ची ज्यानं घेतली तोही रिटायर होऊन आता कळंब्याच्या तलावाकडं सकाळी फिरायला येतो. भेटला की तुमची आठवण काढून हळहळतो. मी मान डोलावते, पण मनात म्हणते, तुम्ही असताना हाच गडी तुमच्या पाठीमागं तुमची नक्कल करायचा. बघा, सुरुवातच अशी होते माझी. हा संशयी स्वभाव माझा जन्माचा नव्हे. आई सांगायची, लहानपणी मी कुणीही हात पुढं केला की जाऊन मांडीवर बसायचे. तुमच्या हाताखाली आले आणि कामातून गेले. आता दूधवाला म्हणाला, "मॅडम, आजचं दूध एकदम ताजं," की मी विचारते, मग कालचं काय होतं? नवरा म्हणतो, हिच्याशी संसार करण्यापेक्षा कळंब्याच्या जेलात राहिलो असतो तर उलटतपासणी कमी झाली असती. मी तुम्हांला कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही ते लाल पेनानं तपासून परत पाठवलं असतं. आज लिहितेय ते थोडं रागानंच.

तुमच्या घरचा तो कडाप्पाचा ओटा मला अजून दिसतो. आम्ही दोघी-तिघी साथरोगशास्त्र शिकणाऱ्या पीजीच्या मुली शंका घेऊन आलोय, काकू पोह्यांची तयारी करताहेत, आणि तुम्ही त्यांच्या हाताखालच्या वाट्या ओढून घेताय. चार वाट्या, दोन वर, दोन खाली. शेजारी शेंगदाण्याचा डबा. "ही वाटी खाल्लं आनि आजारी पडल्यालं. ही खाल्लं पर ठणठणीत. खाली न्हाय खाल्लं तरी आजारी, आनि न्हाय खाल्लं, न्हाय आजारी. समदं जग ह्या चार वाट्यांत बसतंय." खाणाऱ्या दहांपैकी आठ दाणे आजाऱ्यांच्या वाटीत, न खाणाऱ्या दहांपैकी चार. म्हणजे खाणाऱ्याचा धोका न खाणाऱ्याच्या दुप्पट. एवढं आम्हांला कळलं. मग तुम्ही म्हणालात, आता दहांत किती ते इसरा, आजारी किती आणि बरे किती ह्यांचीच तुलना करा. वर आठाला दोन, म्हणजे चारास एक. खाली चाराला सहा. एकाला दुसऱ्यानं भागा. आलं सहा. तेच दाणे, त्याच वाट्या. एका रीतीनं दोन, दुसऱ्या रीतीनं सहा. पहिला रिस्क रेशो, दुसरा ऑड्स रेशो. "दुसरा खोटा न्हाय," तुम्ही म्हणालात, "पर त्याला धोका म्हनायचं न्हाय. आजार लई जणांस्नी झाला असंल तर त्यो फुगतोय. आनि फुगल्यालं मानसाला आवडतंय." काकू मागून म्हणाल्या, आता ते दाणे द्या इकडं, पोह्यात घालायचेत. तुम्ही ते मोजून दिलेत, दोन कमी भरले तर माझ्याकडं बघितलंत. खाल्ले होते मीच, पण कबूल केलं नाही.

डिपार्टमेंटमधला तो दिवसही विसरत नाही. नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. एका चौकटीत चार आकडे घालायचे, बटण दाबायचं, की सगळे रेशो, त्यांच्या वरच्या-खालच्या मर्यादा, सगळं पडद्यावर हजर. मी प्रिंट काढून नाचत तुमच्याकडं आले. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून विचारलंत, "हे कुनी काढलं?" मी म्हटलं, कम्प्युटरनं. "मग सही करायला त्यालाच बोलीव की." सगळं डिपार्टमेंट हसलं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडता रडता मला वाटलं, ह्या माणसाला मुली पुढं गेलेल्या बघवत नाहीत. तेव्हा मी तुमच्यावर तोही संशय घेतला होता. संध्याकाळी तुम्ही मला कॅल्क्युलेटरवर तीच गुणोत्तरं पुन्हा काढायला बसवलंत, आणि ती पडद्यावरच्या आकड्यांशी अगदी जुळली. मला वाटलं आता तरी शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणालात, गणित बरोबर हाय, आता हे सांग, ह्या वाट्या कुनी भरल्या? उत्तराची वाट न बघता तुम्ही घड्याळ बघून निघून गेलात, कारण दिवस मावळायच्या आत तुम्हांला जेवायचं असायचं.

आता मुद्द्यावर येते. हातकणंगल्याच्या पुढं एका गावात नव्या बंगल्याची वास्तुशांत झाली. घरमालकाचे इचलकरंजीत मागाचे शेड आहेत, गावात ऊस आहे. त्यानं गावजेवण घातलं. जेवणात पुरी, भाजी, मसालेभात आणि बासुंदी. बासुंदी दिली होती गावच्याच एका बाईनं. चौकात तिची छोटी डेअरी आहे, दारात म्हशी आहेत, नवरा नाही, दोन मुली कॉलेजला आहेत. जेवणानंतर दुसऱ्या दिवसापासून गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. कुणी दगावलं नाही एवढं नशीब, पण सरकारी दवाखान्यात खाली गाद्या टाकायची पाळी आली. साथ तपासायला आम्ही जिल्ह्याच्या आरोग्य खात्याची माणसं पोचलो तोवर भांडी घासून झाली होती, उरलेलं सगळं गुरांना गेलं होतं. तपासायला एक शीत शिल्लक नाही. राहिली ती फक्त माणसं आणि त्यांची आठवण. गावातल्या आशाताईंनी घरोघरी फिरून जेवायला आलेल्या सगळ्यांना विचारलं, आजारी पडलेल्यांना आणि न पडलेल्यांनाही. आमच्याकडं एक नवा डॉक्टर आहे, हुशार आहे, सॉफ्टवेअरवर त्याची बोटं हार्मोनियमवर फिरावीत तशी फिरतात. त्यानं एकेक पदार्थ घेऊन चौकटी भरल्या, आणि बासुंदीपाशी थांबला. "मॅडम, सातच्या वर."

मी म्हटलं, सात काय? तर म्हणाला, सातपट धोका. तेवढ्यात घरमालकाचा फोन आला, आणि मी हात वर करेपर्यंत ह्यानं त्याला सांगूनही टाकलं. तासाभरात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला लागलं, 'बासुंदी खाणाऱ्यास सातपट धोका, सरकारी डॉक्टरांचा अहवाल.' सर, अहवाल अजून माझ्या टेबलावरसुद्धा आला नव्हता. संध्याकाळी त्या बाईच्या डेअरीचं शटर खाली होतं. सकाळचं दूध लोकांनी परत पाठवलं होतं. कुणीतरी शटरवर शेण मारलं होतं.

मी त्या डॉक्टरची खुर्ची बाजूला सारून पडद्यासमोर बसले. एकाच खिडकीत दोन्ही आकडे होते. वर रिस्क रेशो, दोनच्या जरा पुढं. खाली ऑड्स रेशो, सातच्या पुढं. ह्यानं मोठा उचलला होता. मी विचारलं, आपण सगळ्या पाहुण्यांना गाठलंय, किती जेवले, किती पडले हे ठाऊक आहे, मग थेट धोका का नाही सांगितला? ऑड्स रेशो कधी वापरतात? तो गडबडला. म्हणाला, आजाऱ्यांपासून सुरुवात करून तुलनेला मोजके बरे लोक घेतले आणि एकंदर किती जेवले ते माहीतच नसलं तर. "मग?" म्हणाला, "मॅडम, रिसर्च पेपरात सगळे तोच देतात." खरं सांगते, मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. निम्मं गाव आजारी पडलं असताना ऑड्स रेशोला धोका म्हणायचं, म्हणजे त्या बाईचा गुन्हा फुगवून गावाच्या हातात देणं होतं. आम्ही ग्रुपवर दुरुस्ती टाकली, की सातपट नव्हे, सुमारे दुप्पट. ती कुणी पुढं पाठवली नाही.

पण सर, दुप्पट म्हणजे काही शून्य नव्हे. दुप्पट धरली तरी बोट बासुंदीकडंच होतं, आणि माझाही तिच्यावर संशय होता. मी तिच्या गोठ्यात जाऊन आले. हात कुठं धुता, कॅन कशानं धुता, बासुंदी आटवल्यावर किती वेळ बाहेर होती, सगळं विचारलं. ती उत्तरं देत होती आणि मी तिच्या नखांकडं बघत होते. तिला ते कळत होतं. शेवटी म्हणाली, "मॅडम, माझी डेअरी बंद पडली तर पोरींचं शिक्षान संपलं बगा. चुकी माझी असली तर मला तसं सांगा. नसंल तर गावाला सांगा." एवढंच. रडली नाही, हात जोडले नाहीत. मी तिथून निघाले तेव्हा अहवाल मला दोन दिवसांत द्यायचा होता, आणि तिचं सगळं त्याच्यावर अडकलेलं होतं.

मग बंगल्यावर गेले. घरमालक दारातच. "या पावणं, आदी चा घ्या." बसायच्या आत बासुंदी सुरू. बाईची भांडीच कशी कळकट, तिला पहिल्यापासून सांगत होतो, गरीब म्हणून ऑर्डर दिली तर हे असं. मी काही विचारलेलं नसताना माणूस एकाच गोष्टीबद्दल इतकं बोलायला लागला की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. मी म्हटलं, पाणी कुठलं होतं? "जारचं की. समदं फिल्टरचं." लगेच सुपारी चघळायला लागला. मी म्हटलं, मळ्यातली विहीर बघू. गेलो. सर, विहिरीवर टीसीएल पावडरचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचा, असा भपकारा की डोळ्यांतून पाणी आलं. पावडर नुकतीच हात सैल सोडून ओतलेली. मी विचारलं, हे कधी? तर म्हणाला, पंचायतीचा माणूस दर महिन्याला टाकतोय. नमुना घेतला, तो स्वच्छ येणार हे तिथंच ठाऊक होतं, आणि तसाच आला. माझा संशय पक्का झाला. पण संशय सॉफ्टवेअरमध्ये घालता येत नाही, त्याला चौकट नाही.

परत येताना त्या बंगल्याच्या शेजारच्या घरासमोर गाडी थांबवली. जैन शेतकऱ्याचं घर, मोठं खटलं. म्हातारे काका अंगणात मिरच्या निवडत होते. मी विचारलं, काका, तुमच्याकडं कोण कोण आजारी? म्हणाले, "कोन न्हाय की." जेवायला गेलता का? "समदीच गेलतो." बासुंदी? "आमची पंगत उठत आली तवा पयला कॅन आला. पोरास्नी मिळाली, आमी म्हातारी आदीच उठलो. आमचं दिवस मावळायच्या आत असतंय न्हवं." मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिले. तुमच्याबरोबर किती गावं फिरले मी, सर, आणि दर संध्याकाळी तुमच्या जेवणासाठी सगळा कारभार थांबायचा. आणि आमच्या छापील फॉर्मात काय खाल्लं ते होतं, किती खाल्लं ते होतं, कुठल्या पंगतीला खाल्लं ते नव्हतं. फॉर्म करणाऱ्याला पंगत ठाऊक नसेल. पण आशाताईंना, त्या डॉक्टरला, मला तर ठाऊक होती. आम्ही जन्मभर पंगतीत जेवलेली माणसं, आणि एकालाही ते विचारावंसं वाटलं नाही, कारण पंगत ही विचारायची गोष्ट आहे असंच कुणाला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा विचारलं. किती वाजता असं नाही, वेळ कुणाला आठवत नाही. विचारलं, दिवे लागायच्या आधी जेवला की नंतर? हे मात्र प्रत्येकाला आठवत होतं. मग त्या डॉक्टरला बसवलं आणि दोन थर पाडायला लावले. उजेडात जेवलेल्यांच्या चार वाट्या वेगळ्या, अंधारात जेवलेल्यांच्या वेगळ्या. उजेडातल्या लोकांत आजारी अगदी थोडे, बासुंदी खाल्लेली असो वा नसो. अंधारातल्या लोकांत बहुतेक आडवे, खाल्लेली असो वा नसो. दोन्ही थरांत रिस्क रेशो एकच्या आसपास येऊन बसला. बासुंदी उशिरा आली, म्हणून ती जास्त करून उशिरा जेवणाऱ्यांना मिळाली, आणि उशिरा जेवणाऱ्यांना आणखी काहीतरी मिळालं, त्याचं पाप हिच्या माथी आलं. डॉक्टर पडद्याकडं बघत राहिला. म्हणाला, मॅडम, तेच आकडे होते की हे. मी म्हटलं, होय, वाट्या चुकीच्या होत्या. आणि सर, वाट्या कुणी भरल्या ह्या तुमच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सापडलं, की आम्हीच भरल्या, पंगत न विचारता, तर मला तुमचा परत राग आला. तेव्हाच नीट समजावून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

घरमालकाला पुन्हा गाठलं. ह्यावेळी चहा नव्हता. अंधार पडल्यावर जार संपले, मग पिंपात पाणी कुठलं भरलं, एवढंच विचारत राहिले. खूप वेळ इकडचं तिकडचं झालं. शेवटी म्हणाला, "हिरीचं भरलं. त्येला काय हुतंय? आमी रोज पितोय की." पाऊस झाल्यावर त्या विहिरीत आजूबाजूचं काय काय उतरतं ते मी बघितलं होतं. घरच्यांना सवय झालेली, पाहुण्यांना नव्हती. त्याच्यासमोर लिहिलं आणि सही घेतली. दात ओठ खात केली त्यानं सही.

अहवाल दिला. बासुंदीकडं बोट दाखवणारा पुरावा नाही, संशय रात्रीच्या पाण्यावर. तुम्ही असता तर त्या वाक्यातही खोट काढली असतीत, आणि मीही काढली. अंधारात जेवलेल्यांत बासुंदी न खाणारे कोण, तर साखरेचा त्रास असलेले, मूठभर. एवढ्या थोड्या माणसांवर काढलेला रेशो एकवर बसला तरी त्याच्या वरच्या-खालच्या मर्यादा हातभर लांब. खालची एकच्या खाली, वरची चांगलीच वर. म्हणजे बासुंदीचा खरा धोका ह्या दोन्हींच्या मध्ये कुठंही असू शकतो, पुरावा नाही एवढंच म्हणता येतं. 'बासुंदी निर्दोष' असं मला छातीठोक लिहिता आलं नाही. मी ते पुन्हा पुन्हा तपासलं, हातानंही काढलं. गावाला हे सगळं समजावायचं कसं? सरपंचांना बोलावून सांगितलं, बासुंदीत काही सापडत नाही, पाण्याचं होतं. त्यांनी ग्रुपवर टाकलं. चार जणांनी अंगठे दिले.

बुधवारी मी मुद्दाम तिच्या डेअरीवर गेले. शटर वर होतं, पण काचेच्या कपाटात खव्याचे गोळे तसेच्या तसे. तिला अहवाल वाचून दाखवला. तिनं पदरानं तोंड पुसलं, आत गेली आणि वाटीत बासुंदी घेऊन आली. वर चारोळी, शेजारी चमचा. "सकाळी आटिवलीया. तुमच्यासाटनं." मी वाटीकडं बघितलं. मला ती मर्यादा दिसली, वरची. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो ताई, आज उपास आहे माझा." उपास कुठला, सर, सकाळी पोटभर पोहे खाऊन निघाले होते. ती अगदी हळू म्हणाली, "बासुंदी उपासाला चालती की, मॅडम." मी वाटी हळूच तिच्याकडं सरकवली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्या आठवड्यात गावात समद्यांचाच उपास सुरू हाय." मग तिनं ती वाटी उचलली आणि माझ्यासमोर उभ्यानं, माझ्यासाठी आणलेल्या चमच्यानं, सगळी बासुंदी खाल्ली. सावकाश खाल्ली, वाटी निपटून. मी बघत बसले. मला इतकी लाज वाटत होती की उठताही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी तिला फोन लावला. म्हटलं, ताई, बऱ्या आहात ना? तिचा आवाज भरून आला. "बरी हाय की मॅडम. तुमी आपनहून इचारलं, लई बरं वाटलं. दुसरं कोन इचारतंय हो मला." पोरींबद्दल बोलली, म्हशीबद्दल बोलली, एकदा जेवायला या म्हणाली. मी हो हो म्हणत राहिले. हे पत्र आता तुमच्या जुन्या घराच्या पत्त्यावर टाकलं तरी तिथं काकूही नाहीत, फ्लॅट झालेत. तेव्हा इथंच राहू दे. तिला मी मायेनं फोन केला असं वाटलं, तर ते मी तसंच वाटू दिलं. मी फोन केला होता, सर, रात्रीतून तिला काही झालं का ते बघायला.